अर्भकाचे श्रवण आणि भाषाग्रहणाचा आरंभ

१

मूल साधारणतः वर्षाच्या सुमारास पहिला शब्द उच्चारते, आणि त्या दिवसापासून त्याच्या भाषेचा आरंभ झाला असे घरातील मंडळी मानतात. हा समज स्वाभाविक आहे. कारण उच्चार सर्वांच्या कानांवर पडतो, श्रवण मात्र कोणासच दिसत नाही. याच समजुतीची दुसरी बाजू अशी की, दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नसेल, तर ‘बोलेल सावकाश, त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले’ असे म्हणून वाट पाहण्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. गेल्या अर्धशतकातील संशोधनाने या समजुतीचा पायाच काढून घेतला आहे. भाषाग्रहणाचा एक महत्त्वाचा टप्पा पहिला शब्द उमटण्यापूर्वीच बव्हंशी पार पडलेला असतो, हे या संशोधनाचे सार होय. त्यामुळे बालकाच्या श्रवणाची परीक्षा केव्हा करावी, या सर्वस्वी व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही बदलले आहे.

२

ज्याला बोलता येत नाही आणि विचारलेले समजत नाही, अशा अर्भकास काय ऐकू येते हे ओळखावे कसे? या अडचणीतून १९७१ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात पीटर आयमस व त्यांचे सहकारी यांनी मार्ग काढला. एक व चार महिन्यांच्या बालकांच्या तोंडात चोखणी देऊन तिला चोखण्याचा वेग मोजणारे उपकरण जोडले होते. बालक जोराने चोखू लागले की त्यास एक ध्वनी ऐकू येई. तोच ध्वनी वारंवार ऐकून त्याचे लक्ष उडाले की चोखण्याचा वेग मंदावे. अशा वेळी ‘ब’च्या जागी ‘प’ ऐकविला असता वेग पुन्हा वाढे. याउलट, भौतिक दृष्ट्या तितकाच फरक असलेले परंतु एकाच वर्णाच्या कक्षेत मोडणारे दोन ध्वनी ऐकविले असता तशी वाढ दिसत नसे. तात्पर्य, एका महिन्याचे मूलदेखील ध्वनींची विभागणी वर्णांच्या सीमांना धरून करीत होते.

मराठी अभ्यासकास अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा होय. तो कॅनडात झाला व १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी हिंदीतील दन्त्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ हा भेद इंग्रजी भाषक कुटुंबांतील बालकांना ऐकविला. हाच भेद मराठीत ‘वात’ आणि ‘वाट’ हे शब्द वेगळे राखतो. इंग्रजीत तो अर्थभेदक नाही. ध्वनी बदलताच मान वळविली की खेळणे हलताना दिसते, अशी सवय बालकांना लावली होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांनी हा भेद ओळखला, आठ ते दहा महिन्यांच्या बालकांत हे प्रमाण घटले, आणि दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्या बालकांना तो ओळखता आला. हिंदी भाषक घरांतील अकरा-बारा महिन्यांची बालके मात्र तो भेद अचूक ओळखीत होती.

यात बालकाची काही शक्ती नष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. प्रौढ वयातही सरावाने परका भेद काही अंशी ओळखता येतो. येथे घडते ते भाषेचे संघटन होय. भोवतालच्या भाषेत जे भेद कामाचे आहेत त्यांवर श्रवण स्थिरावते, व जे कामाचे नाहीत त्यांकडे दुर्लक्ष करण्यास शिकते. हे संघटन पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात वेगाने होते आणि त्याची सामग्री एकच: कानांवर पडणारी भाषा. तीही केवळ आवाजाच्या रूपाने पुरत नाही. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकविण्यात आली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून ती ऐकणाऱ्या बालकांना चिनी ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तीच सामग्री पडद्यावरून वा ध्वनिमुद्रणावरून ऐकणाऱ्यांना आले नाहीत.

३

आता जन्मतः बधिर असलेल्या बालकाचा विचार करावा. अशी बालके दर हजार जन्मांमागे साधारणतः एक ते तीन असतात. भाषेचे वर्णसंघटन ज्या महिन्यांत व्हावयाचे, त्या महिन्यांत त्यांच्यापर्यंत बोलली जाणारी भाषा एकतर पोहोचतच नाही, किंवा तुटक पोहोचते. ही उणीव घरातील कोणाच्याही लक्षात येत नाही, याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बधिर अर्भकही रडते, हसते, हुंकार देते. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची स्पष्ट आवर्तने ऐकू येणारी मुले दहाव्या महिन्याच्या आत करू लागतात. बधिर मुलांत ती पुष्कळ उशिरा येतात, हे ओलर व आयलर्स यांनी १९८८ साली दाखविले. परंतु तोवर पहिले वर्ष सरत आलेले असते. घरगुती परीक्षाही फसव्या ठरतात. पाठीमागे टाळी वाजविली वा ताटली आपटली, की मूल हवेचा झोत, सावली किंवा जमिनीचा कंप जाणूनही वळते.

आंशिक बधिरता तर याहूनही सहज नजरेआड होते. स्वरांची शक्ती मुख्यतः खालच्या कंपनसंख्यांत असते. ‘स’सारख्या घर्षक वर्णाची दर सेकंदास सुमारे ४००० कंपनांच्या वर. केवळ उच्च कंपने न ऐकणारे मूल हाक मारताच वळते, आणि त्याचे कान शाबूत आहेत अशी सर्वांची खात्री पटते. परंतु मराठीत ‘गेला’ व ‘गेलास’, ‘केले’ व ‘केलेस’ यांतील पुरुषभेद एकट्या अंत्य सकारावर उभा आहे. हा सकार ज्याच्या कानी पडत नाही, त्याच्या मराठीत तो भेद घडण्यास आधारच उरत नाही. पुढे शाळेत अशा मुलाचे व्याकरण कच्चे असल्याची किंवा त्याचे लक्ष नसल्याची तक्रार होते. दोष मात्र अन्यत्र असतो.

४

मुलाच्या प्रतिसादावर विसंबून न राहता श्रवण तपासण्याचा मार्ग लंडन येथील डेव्हिड केंप यांच्या १९७८ सालच्या शोधाने खुला झाला. निरोगी अंतर्कर्णातील केशपेशी ध्वनी केवळ ग्रहण करतात असे नव्हे, तर स्वतः हालचाल करून एक अतिशय क्षीण ध्वनी उत्पन्नही करतात, आणि तो कर्णनलिकेत परत येतो. कानात लहानशी नळी बसवून हा परतणारा ध्वनी टिपता येतो. रुग्णालयांत ‘ओएई’ या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी झोपलेल्या नवजाताचीही काही मिनिटांत होते. ‘बेरा’ ही दुसरी तपासणी डोक्यावर लावलेल्या विद्युदग्रांच्या साहाय्याने श्रवणतंत्रिका व मस्तिष्कस्तंभ यांचा प्रतिसाद मोजते. केशपेशी शाबूत असून तंत्रिकेत दोष असल्यास पहिली तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या नवजातांना दुसरी तपासणी आवश्यक मानतात. उलटपक्षी, पहिल्या तपासणीत प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे मूल बधिर ठरले असे होत नाही; जन्मानंतर कानात राहिलेल्या द्रवामुळेही असे घडते. अशा वेळी फेरतपासणी करावी लागते, आणि ती टाळणे हाच यातील मोठा धोका होय.

लवकर निदान झाल्याने भाषेत खरोखरच फरक पडतो काय, याचे उत्तर कोलोरॅडो येथे ख्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दिले. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या ७२ व त्यानंतर निदान झालेल्या ७८ मुलांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटातील मुलांची भाषा निश्चितपणे सरस ठरली. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, हा आता सर्वमान्य झालेला दंडक याच दिशेने आला. शस्त्रक्रियेने बसविलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटविषयीही शर्मा, डॉर्मन व स्पार यांच्या २००२ सालच्या अभ्यासात असेच दिसले: साडेतीन वर्षांच्या आत ते बसविलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा श्रवणप्रतिसाद वयोचित झाला; सात वर्षांनंतर बसविलेल्या बहुतेकांचा झाला नाही.

भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या दोषांत जन्मजात बधिरतेचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्य करीत आहे. तथापि यंत्रे व प्रशिक्षित माणसे सर्वत्र सारखी उपलब्ध नाहीत, आणि जेथे ती आहेत तेथेही ‘बोलेल सावकाश’ ही समजूत आड येतेच.

५

या विवेचनातून एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. भाषा म्हणजे ध्वनी, आणि ध्वनी नाही म्हणून भाषा नाही, असे मात्र नव्हे. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकन चिन्हभाषेची घटना उलगडून दाखविली: हाताचा आकार, स्थान व हालचाल यांच्या भेदांनी, वर्णांच्या भेदांनी व्हावेत तसेच, तेथे शब्द वेगळे होतात. बधिर आईबापांच्या घरी चिन्हभाषा पाहत वाढणारी बधिर बालके हातांनीच ‘बडबड’ करतात, असे पेटिटो व मारेंटेट यांना १९९१ साली आढळले. भारतीय चिन्हभाषेसाठीही २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. अडचण अशी की, बहुसंख्य बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि त्या घरांत चिन्हभाषा कोणासच येत नसते. म्हणजे यंत्र निवडा वा चिन्हभाषा, किंवा दोन्ही. वेळेवर निदान झाले तरच निवडीला अर्थ राहतो. अपाय होतो तो बधिरतेपेक्षा अधिक, कोणतीच भाषा न मिळता गेलेल्या महिन्यांमुळे.

भाषाशास्त्राकडे या बाबतीत एक विशिष्ट काम येते. कोणते मराठी वर्णभेद व कोणते प्रत्यय श्रवणदोषाने प्रथम हरवतात, आणि मराठी मुले ते कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, याची काळजीपूर्वक केलेली मांडणी तपासणी करणाऱ्यांच्या व शिक्षकांच्या थेट उपयोगी पडेल. सकारासारखे एखादे उदाहरण पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होण्याइतके मोठे आहे. दरम्यान घरोघरी विचारावयाचा प्रश्न तेवढा बदलावयास हवा. मूल बोलू केव्हा लागेल, हे दुसऱ्या वर्षी विचारण्यापेक्षा, त्यास ऐकू येते की नाही, हे पहिल्या महिन्यातच विचारले पाहिजे.