वांग्याला फ्रीज सोसत नाही

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांच्या शिरोळ तालुक्यात उसाच्या जोडीला भाजीपालाही पिकतो. सकाळी मळ्यात तोडलेली भाजी दुपारी ताटात, हे सुख इथल्या काही घरांना अजून लाभतं. बाकीचे बाजारातून पिशवी भरून आणतात आणि सगळी भाजी एकदम फ्रीजमध्ये कोंबतात. नासाडी बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

भाजी तोडल्यावरही जिवंत असते. ती श्वास घेते, साठवलेली साखर खर्च करते, पाणी गमावत राहते. गारव्यात हा वेग मंदावतो, म्हणून मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर यांना फ्रीज मानवतो. पालेभाजी निवडून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की टिकते. ओली जुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की चिकट होऊन सडते. वांगी, काकडी, टोमॅटो, केळी ही मात्र उष्ण हवेतली पिकं. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर चालतो आणि वांग्याला १० अंशांखालची थंडी फार दिवस सोसत नाही. सालीवर खळगे पडतात, आतलं बी काळवंडतं. कृष्णाकाठच्या कोवळ्या वांग्यांचे असे हाल करू नयेत. एक-दोन दिवसांत करायची असतील तर ती सावलीत, बुट्टीत, ओलसर फडक्याखाली बरी राहतात.

पिकलेला आंबा, केळी आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यामुळे शेजारची काकडी आणि पालेभाजी लवकर पिवळी पडते. कांदा-बटाट्याचीही एकच टोपली नको: बटाट्याच्या ओलाव्याने कांदा बिघडतो.

घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या मानाने शिरोळला पाऊस फार कमी. एप्रिल-मेची इथली कोरडी हवा तापदायक खरी, पण तिच्याकडूनच गारवा मिळवता येतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात विजेविना चालणारा शीतकक्ष तयार झाला. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटीमीटरच्या फटीत वाळू, आणि ती सतत ओली. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते आणि कडक उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरू शकतं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९०च्या दशकात हेच तत्त्व दोन मडक्यांत बसवलं: मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. एवढं तर कुठल्याही परसात जमेल.

पावसाळ्यात मात्र हवाच दमट. पाण्याची वाफ होत नाही आणि मडकं गार पडत नाही. त्यात शिरोळला महापुराची धास्ती. २००५, २०१९ आणि २०२१ साली या तालुक्याने तो सोसला. गावाला पाण्याचा वेढा पडून वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. अशा वेळी उपयोगी पडतं ते उन्हाळ्यातलं वाळवण: गवारीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, डाळीचे सांडगे. पाणीच काढून घेतल्याने बुरशी आणि जिवाणूंना वाढता येत नाही. उन्हात क जीवनसत्त्व बरंचसं जातं, तरी पोटाला आधार होतो. डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा हवा, आणि पूर येणाऱ्या घरात तो माळ्यावरच ठेवावा.

पुराचं पाणी लागलेली पालेभाजी, टोमॅटो किंवा काकडी कितीही धुतली तरी खाऊ नये. त्या पाण्यात सांडपाणी आणि शेतातली औषधं मिसळलेली असतात.