चकचकीत शिवराई मागणारं गिऱ्हाईक

‘दादा, तुमचा रुपया चुंबकाला चिकटतोय. खोटं नाणं पाठवलंत. पैसे आजच्या आज परत करा, नाहीतर पोलिसांत जातो.’

खांदेश्वरमधल्या एका नाणेविक्रेत्याच्या मोबाइलवर असा निरोप रात्री साडेअकराला येतो. पाठवलेलं नाणं १९४७ चा रुपया असतो, मागच्या बाजूला वाघ असलेला. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली, तेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आणली गेली. १९४७ च्या रुपयात तर चांदी उरलीच नाही, तो निकेलचा पाडला गेला. निकेल चुंबकाला चिकटतं. उलट, वाघाचा रुपया चिकटला नाही तर संशय घ्यायला हवा. जाहिरातीत ‘निकेल’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण गिऱ्हाइकाने फोटोतला वाघ पाहिला आणि पैसे पाठवले.

विक्रेता वाद घालत नाही. तो लिहितो, ‘साहेब, खिशातला आजचा एक रुपया काढा आणि त्यालाही चुंबक लावून बघा.’ आजचा स्टीलचा रुपयाही चिकटतो. पंधरा मिनिटं उत्तर येत नाही. मग एक अंगठा येतो आणि पोलिसांचा विषय तिथेच मिटतो.

खांदेश्वर हे मुंबईच्या हार्बर मार्गावरचं, मानसरोवर आणि पनवेलच्या मधलं स्टेशन. महादेवाच्या देवळामुळे आणि तळ्यामुळे परिसराला हे नाव मिळालं. इथल्या सिडकोच्या इमारतींत नोकरदार माणसं राहतात. त्यांच्यातलेच काहीजण संध्याकाळी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर दिवा, भिंग आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा मांडून बसतात. पूर्वी या छंदाची पेठ म्हणजे फोर्टातले फुटपाथ, चोर बाजार आणि वर्षाकाठी भरणारी प्रदर्शनं. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, नाणं बोटांच्या चिमटीत कडेने धरायचं, उजेडाकडे फिरवायचं आणि मग भाव बोलायचं. आता व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, फेसबुकवर आणि विक्रीच्या पोर्टलांवर चालतो. नाणं हातात येण्याआधीच पैसे गेलेले असतात, आणि तिथूनच कुरबुरी सुरू होतात. माणूस घेतो फोटो पाहून आणि नाणं जोखतो मनातल्या चित्राशी.

या विक्रेत्याकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती शिवराईची. रायगड जिल्ह्यात राहून शिवराई विकायची, यात त्याला स्वतःलाही एक वेगळी भावना आहे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाची नाणी पडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती टिंबांचं कडं. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराई पडत राहिली आणि तिच्या कितीतरी जाती झाल्या. घेणारा बहुतेक वेळा संग्राहक नसतो. कुणाला देव्हाऱ्यात ठेवायची असते, कुणाला शिवजयंतीला मुलाच्या हातात द्यायची असते. भाव परवडला की तो दोन अटी घालतो: अक्षरं सगळी दिसली पाहिजेत आणि नाणं चमकलं पाहिजे.

या दोन्ही अटी शिवराईच्या जन्मकथेशीच विसंगत आहेत. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा, अशी ती पाडली जायची. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, घाव किंचित तिरका बसायचा. त्यामुळे एखाद्या नाण्यावर ‘श्री’ अर्धा कापला जातो, एखाद्यावर ‘शिव’मधला ‘व’ काठाबाहेर जातो. नाणं धड गोलही नसतं. तीनशे वर्षांत तांब्यावर गडद तपकिरी थर चढतो आणि तो थर नाण्याचं वय सांगतो. जाणकार आधी तोच पाहतात.

गिऱ्हाईक मात्र म्हणतं, ‘अर्धं नाव गायब आहे. डॅमेज पीस दिलात.’

हा तक्रारखोर माणूस फक्त विक्रेत्याचं डोकं खातो एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. त्याच्या अटी बाजारात शिरतात. पूर्ण अक्षरांची, गोल आणि लखलखीत शिवराई खऱ्या नाण्यांत क्वचितच मिळते, म्हणून ती कारखान्यात तयार होते. आज ऑनलाइन दिसणाऱ्या शिवराई नाण्यांत अशा नकला ढिगाने आहेत. अक्षरं रेखीव, गोलाई बिनचूक, वजन एकसारखं. दहा नाणी शेजारी ठेवली तर दहाही जणू एकाच ठशातली, ‘श्री’ची वेलांटी सगळ्यांत त्याच जागी. हाताने घण मारून पाडलेल्या नाण्यांत असं होणं शक्य नाही. आणि जे खरी नाणी बाळगून असतात त्यांतलेही काहीजण विक्रीच्या मोहाने चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर घेऊन बसतात. दोन मिनिटांत तीनशे वर्षांचा थर नाल्यात जातो. गुलाबी तांबं चमकतं, नाणं विकलं जातं. ते पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. खांदेश्वरचा विक्रेता या एका गोष्टीवर खरोखर चिडतो. बाकी सगळं तो पोटात घालतो.

म्हणून त्याच्या जाहिरातीत पहिली ओळ ठरलेली असते: ‘स्वच्छ केलेलं नाही, करून मिळणार नाही.’ त्याखाली वजन, व्यास, कोणतं अक्षर अपूर्ण आहे आणि कडेला कुठे टोचा आहे, हे सगळं. दोष आधी सांगितल्याने गिऱ्हाइकं कमी होतात, हे त्याला मान्य आहे. पण ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. नियम योग्यच आहे. त्यामुळे वर्णनातला प्रत्येक शब्द त्याला बांधतो आणि वाचवतोही.

भावाची घासाघीस हा याच धंद्याचा दुसरा भाग, आणि त्यात नवल काही नाही. ‘शेवटचा किती?’ हा प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो. कुणी पाच नाणी ‘होल्ड’ करायला सांगतो आणि नंतर महिनाभर गायब होतो. कुणी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ मागवून दारात पाकीट नाकारतो, मग दोन्ही बाजूंचा कुरिअरचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर. यावर उपाय साधे आहेत. पैसे आधी, होल्ड एक दिवस, बस्स.

चांदीच्या नाण्यांची गोष्ट मात्र थोडी वेगळी. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या बरीच वर गेली आणि ज्यांनी कधी नाणी घेतली नव्हती असे लोक ‘व्हिक्टोरिया आहे का?’ विचारू लागले. त्यांचा हिशेब सराफाचा. ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा, गुणिले आजचा भाव, त्यातून घट वजा. त्यांना १९४४ चा सहाव्या जॉर्जचा रुपया विकला की आठवड्यात फोन येतो, ‘सोनाराने कापून बघितलं, चांदी निम्मीच आहे!’ निम्मीच असते, १९४० ते १९४५ च्या रुपयांत तेवढीच घातली होती. या रुपयांच्या कडेला दातऱ्यांच्या मधोमध एक खाच फिरते. खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून टाकसाळीने ती मुद्दाम घातली. त्या खाचेलाच ‘सांधा’ समजून नाणं ओतीव असल्याचा आरोप करणारेही भेटतात. अशांना तो रागावत नाही. त्यांना माहिती नाही, एवढंच. पण नाणं कापून आणल्यावर परतावा मागणाऱ्याला तो नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हणतो.

सर्वांत दुःखद गिऱ्हाईक वेगळंच आहे. ते विकत घेतं श्रीमाता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं २०१२ चं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं. ही नाणी चलनात भरपूर आली, आजही सुट्ट्या पैशांत सापडतात. पण ‘या नाण्याला दहा लाख मिळतात’ असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरताहेत. माणूस पन्नास-शंभर रुपयांना नाणं घेतो, मग दहा लाख देणाऱ्याला शोधतो. तो ‘खरेदीदार’ नोंदणी शुल्क मागतो, मग जीएसटी मागतो, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र पाठवून आणखी कमिशन मागतो. शेवटी पैसे गेलेला माणूस मूळ विक्रेत्याकडे परत येतो, ‘तुम्ही दिलेलं नाणं ओरिजिनल नाही, म्हणून कुणी घेत नाही.’ रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून कोणतंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. विक्रेत्याने ते निवेदन मोबाइलमध्ये जपून ठेवलं आहे. अशा माणसाला तो आधी ते पाठवतो, मग सायबर फसवणुकीच्या मदतीसाठीचा १९३० हा क्रमांक देतो, आणि नाणं परत घेऊन पैसे देतो. कायद्याने तसं बंधन नाही. पण आधीच लुबाडल्या गेलेल्या माणसाशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालणं त्याला पटत नाही.

जाणूनबुजून फसवणारा यांपेक्षा निराळा. त्याच्याशी गाठ पडली ती १८६२ च्या रुपयावरून.

व्हिक्टोरिया राणीच्या या रुपयावर टाकसाळींनी पुढे १८७४ पर्यंत १८६२ हेच वर्ष ठेवलं. त्यामुळे वरवर सगळे रुपये सारखेच. फरक मागच्या बाजूच्या बारीक टिंबांत. किती टिंबं, वर की खाली, यावरून संग्राहक जाती पाडतात आणि भावही त्यावरच ठरतो. विकलेल्या नाण्याची टिंबं दुर्मीळ जातीची होती. चार दिवसांनी ते ‘आवडलं नाही’ म्हणून परत आलं. पाकीट उघडताना विक्रेत्याने व्हिडिओ सुरू ठेवला होता. नाणं काट्यावर ठेवलं, आकडा आला ११.३१ ग्रॅम. पाठवताना वजन होतं ११.५८. भिंगाखाली धरलं तर राणीच्या मुकुटाच्या समोर काठावर जो बारीक टोचा हवा होता, तो नाही. आणि टिंबं साध्या, भरपूर मिळणाऱ्या जातीची. गिऱ्हाइकाने चांगलं नाणं ठेवून घेतलं होतं आणि आपल्याकडचं झिजलेलं परत पाठवलं होतं.

पोर्टलच्या माणसाला दोन्ही फोटोंत एकच दिसलं: चांदीचं नाणं, राणी, १८६२. पहिला निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने गेला. मग विक्रेत्याने चारही फोटो शेजारी ठेवले, टिंबांभोवती आणि टोच्याच्या जागेभोवती लाल गोल काढले, काट्याचे दोन्ही आकडे जोडले आणि तीन वाक्यांत मजकूर लिहिला. एकही शिवी नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. दुसऱ्या तपासणीत निकाल फिरला. तेव्हापासून प्रत्येक महागडं नाणं पाकिटात जाताना ऑर्डरचा क्रमांक लिहिलेल्या कागदावर, काट्यासकट चित्रित होतं, आणि कडेचाही एक फोटो निघतो. नाण्याची कड फार लोक पाहत नाहीत, म्हणून ती नाणं बदलणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही.

एका मागणीला मात्र तो कोणत्याही परिस्थितीत होकार देत नाही. परदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं मुलांसाठी शिवराई मागवतात, अगत्याने बोलतात, भावही करत नाहीत. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू. त्या कायद्याच्या व्याख्येत नाण्याचा उल्लेख अगदी सुरुवातीलाच आहे. असं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने कैद, कमाल तीन वर्षं. ‘भाऊ, गिफ्ट लिहा ना, कोण उघडून बघतंय?’ असा आग्रह होतो, नाही म्हटलं की ‘मराठी माणूस मराठी माणसाला मदत करत नाही’ असंही ऐकावं लागतं. तो त्यांना सुचवतो की सुट्टीत आलात की मुलांना फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात न्या, आणि वेळ असेल तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतही. काहीजण दुखावतात. काहीजण खरंच जातात आणि तिथून फोटो पाठवतात.

सतत प्रश्न विचारणारा प्रत्येकजण त्रासदायक असतो असंही नाही. सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक त्याच्याकडून नाणी घेतात. एका रुपयासाठी त्यांनी एकदा अकरा फोटो मागवले. तिरक्या उजेडातला, सरळ उजेडातला, कडेचा, काट्यावरचा, भिंगातून हिऱ्याच्या खुणेचा. मुंबई टाकसाळीची ही हिऱ्याची खूण नेमकी कुठे आहे, ते त्यांना स्वतः बघायचं होतं. भाव एकदाही विचारला नाही. सगळे फोटो पाहून झाल्यावर त्यांनी पूर्ण रक्कम पाठवली, आणि पाकीट मिळाल्यावर कळवलं की वर्णनातला एक शब्दही जास्तीचा नव्हता. त्यांची पुढची मागणी विक्रेत्याने वहीत लिहून ठेवली आहे: शिवराई, कोणतीही, घासलेली नको, अक्षरं अर्धी असली तरी चालेल.