यंत्राचें घर कसें सांपडतें?

रामवाडी हें नांव रायगड जिल्ह्यांत पेणकडेही आढळतें व इतरत्रही. पाकिटावर नुसतें नांव असेल, तर टपालवाल्यास प्रश्न पडावयाचाच. असा घोंटाळा टाळण्यास श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनें १९७२ सालीं पिनकोड सुरू झाला. परंतु ४०२१०७ हा अंक वाचून पत्र पेणच्या टपालकचेरीपर्यंतच येतें. पुढें घर विचारूनच काढावें लागतें. संगणकांच्या जाळ्यांतही असेंच घडतें.

तेथें प्रत्येक यंत्रास दोन पत्ते असतात. आयपी पत्ता जाळ्यांतील स्थान दाखवितो. जाळें बदललें कीं तोही बदलतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा असून तो सामान्यतः कारखान्यांतच दिलेला असतो. एकाच जाळ्यांतील यंत्राच्या हातीं संदेश द्यावयाचा, तर हा दुसरा पत्ता ठाऊक पाहिजे. तो मिळविण्याची 'एआरपी' ही रीत डेव्हिड प्लमर यांनीं १९८२ सालीं मांडली. संगणक सर्वांस हाक देतो : 'हा आयपी पत्ता ज्याचा असेल, त्यानें आपला मॅक पत्ता कळवावा.' हाक सर्वांस ऐकूं जाते. उत्तर धनी एकटाच देतो. तें कांहीं काळ टिपून ठेविलें जातें. संदेश परगांवचा असल्यास राउटरचा पत्ता विचारून तो त्याच्या स्वाधीन करितात.

मात्र उत्तर खरें कीं खोटें, याची शहानिशा या रीतींत नाहीं. लबाड यंत्रानें 'तो मीच' म्हटलें, तर दुसऱ्याचे संदेश त्याच्या हातीं पडतात. म्हणून परक्या वायफायवर बँकेचें काम करितांना संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राविषयीं इशारा दिसल्यास तेथेंच थांबावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस आग्रहानें सांगतों.