‘घरी’ असणे, ‘घरी’ जाणे : एस्पेरांतोतील गतीचा विचार

‘मी घरी आहे’ आणि ‘मी घरी जातो’ या दोन्ही वाक्यांतला ‘घरी’ सारखाच. एकात मुक्काम, दुसऱ्यात प्रवास. पण शब्दाचे रूप बदलत नाही. फरक कळतो तो क्रियापदावरून. मराठीत हे ओझे बहुधा क्रियापद वाहते, हे माझ्या ध्यानात आले एस्पेरांतो शिकताना.

डॉ. झामेनहोफ यांनी ही रचलेली भाषा १८८७ मध्ये वॉर्सा येथे प्रसिद्ध केली. तिच्या सोळा नियमांपैकी तेरावा दिशेचा आहे : जिकडे जायचे त्या शब्दाला ‘न’ लावावा. ‘हेयमे’ म्हणजे घरात असलेला ‘घरी’, ‘हेयमेन’ म्हणजे घराकडे निघालेला ‘घरी’. ‘कुठे आहेस’मधला कुठे ‘कीए’, ‘कुठे निघालास’मधला ‘कीएन’.

याची गरज खरी पटते ती धावणे, उडणे, पोहणे अशा क्रियापदांपाशी. ‘मुले अंगणात धावली’ म्हणजे अंगणातल्या अंगणात, की घरातून अंगणात? आपण ‘धावत आली’, ‘धावत गेली’ असे दुसरे क्रियापद जोडून शंका मिटवतो. एस्पेरांतोत धावण्याचे ‘कुरी’ एकटेच पुरते. ‘एन ला कोर्तो’ म्हटले की अंगणातल्या अंगणात. ‘एन ला कोर्तोन’ म्हटले की बाहेरून अंगणात. ‘आल’, म्हणजे ‘-कडे’, या शब्दात मुळातच दिशा असल्याने त्याच्यापुढच्या नामाला मात्र हा ‘न’ लागत नाही.

हाच ‘न’ कर्मालाही लागतो. एका प्रत्ययाची ही दोन कामे मला आधी गैरसोयीची वाटली. मग शाळेतले संस्कृत आठवले : ‘ग्रामे वसति’, पण ‘ग्रामं गच्छति’. तिथेही द्वितीया कर्माची आणि जायच्या ठिकाणाचीही. लॅटिन, जर्मन, रशियन यांतही ही सवय आहे. झामेनहोफ यांनी ती हवेतून आणली नाही. आधीची निवडून सरसकट लावली. आपण मात्र ‘गावी राहतो’ आणि ‘गावी जातो’ एकाच रूपावर भागवतो.

‘बनवलेल्या भाषेत जीव कुठला?’ असे मित्र विचारतात. निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो; असे संकेत नियम करून येत नाहीत, हे मला मान्य आहे. ते बोलणाऱ्यांकडून येतात. पण एस्पेरांतोला बोलणारे शंभराहून अधिक वर्षे आहेत, ती घरात ऐकत वाढलेली मुलेही आहेत. तेव्हा तिची ही वाट बंद आहे, असे मी म्हणणार नाही.