विक्रमवीर नौकेची वाटचाल

'कॅटमरान' या शब्दाचे मूळ आपल्याच देशातले. तमिळ भाषेत 'कट्टुमरम' म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. आज मात्र या नावाने दोन सडपातळ सांगाडे जोडून केलेली नौका ओळखली जाते. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्यांना ती परिचित आहेच.

अशाच एका नौकेने अटलांटिक महासागरावर इतिहास घडविला. ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे इनकॅट कंपनीने बांधलेली 91 मीटर लांबीची 'कॅट-लिंक फाइव्ह' जुलै 1998 मध्ये न्यूयॉर्कहून निघाली आणि 2 दिवस 20 तास 9 मिनिटांत ब्रिटनजवळील बिशप रॉक दीपगृहापाशी पोहोचली. सरासरी वेग होता 41.284 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 76 किलोमीटर. या पराक्रमाबद्दल तिला हेल्स ट्रॉफी लाभली.

परंतु विक्रमाने प्रवासी मिळतातच असे नाही. नौकेचे नियोजित काम होते डेन्मार्कमधील ऑरहूस-कालुंडबोर्ग मार्गावरील वाहतूक. या मार्गाला पर्याय ठरणारा ग्रेट बेल्ट पूल जून 1998 मध्येच वाहनांसाठी खुला झाला होता.

पुढे मालक बदलले, नावेही बदलली. 'मॅड्स मोल्स', 'मास्टर कॅट', 2008 पासून नॉर्वे-डेन्मार्क मार्गावर 'फ्योर्ड कॅट' आणि 2020 मध्ये जर्मनी-स्वीडन मार्गावर 'स्कोने जेट'.

पूल जागचा हलत नाही. नौका मात्र गरज असेल त्या बंदरी नेता येते. विक्रम तीन दिवसांचाही नव्हता. सेवा मात्र दोन दशकांहून अधिक काळ घडली. गुंतवणुकीचे खरे मोल यातच आहे.