तानपुऱ्याचें परदेशगमन

परदेशगमन केलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावें लागण्याचे दिवस केव्हांच मागें पडले. परंतु माणसापेक्षां नाजूक अशी वस्तु परदेशीं धाडावयाची झाल्यास किती व्याप करावा लागतो, याचा अनुभव आम्हांस उतारवयांत आला. तो वाचकांपुढें मांडावा, म्हणजे ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांस आमच्यासारखी ठेच लागणार नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमच्या राधानगरीच्या घरांत माजघराच्या भिंतीशीं एक मोठा पुरुषी तानपुरा कित्येक वर्षें उभा होता. आमच्या थोरल्या बंधूंकरितां वडिलांनीं तो १९६६ सालीं मिरजेहून आणिला. बंधू निवर्तल्यावर त्यास जी गवसणी घातली गेली ती पुन्हां निघालीच नाहीं. घरांत दुसरा कोणी गाणारा नाहीं. आमचें संगीत संध्येच्या मंत्रांपलीकडे गेलें नाहीं. त्यांतून येथील पावसाळा म्हणजे भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि लांकडाला बुरशी. एके वर्षीं गवसणी काढून पाहतों, तों भोपळ्यावर पांढरी झांक दिसूं लागलेली.

त्याच सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलें कीं, कॅनडांत टोरोंटो येथें गायन शिकविणारे एक महाराष्ट्रीय गृहस्थ जुना मिरजेचा तानपुरा योग्य किंमत देऊन घ्यावयास तयार आहेत. घरांत दोन पक्ष पडले. धाकट्या पिढीचें म्हणणें, काकांची आठवण विकूं नये. अखेर वहिनींनीं निकाल दिला. त्या म्हणाल्या, “भावजी, मुका उभा राहण्यापेक्षां कुणाच्या हातीं तरी बोलूं दे त्याला. मोडून मात्र जाऊं देऊं नका.” ही शेवटची अट दिसावयास लहान, पण सगळी गोम तिच्यांतच होती.

आम्हीं पहिल्या खेपेस फार शहाणपणा केला. भातपिकाच्या या मुलुखांत पेंढ्यास काय तोटा? गांवच्या सुताराकडून फळ्यांची पेटी करविली, तळाशीं पेंढा अंथरला, तानपुरा घोंगडींत गुंडाळून वर ठेविला, पुन्हां पेंढा दाबला आणि खिळे ठोकून पेटी कोल्हापुरीं एका वाहतूकदाराच्या स्वाधीन केली. तीन आठवड्यांनीं पेटी मुंबईहून परत आली. फळ्यांवर आवश्यक तो शिक्का नाहीं आणि आंत पेंढा आहे, अशीं दोन कारणें लिहून आलीं होतीं. पेटी उघडली तेव्हां तिसरी गोष्ट दिसली. भोपळा आणि दांडी जेथें जुळतात त्या गळ्याच्या सांध्यास उभी भेग गेली होती. वहिनींनीं पेटींत एकवार पाहिलें आणि कांहीं न बोलतां त्या देवघरांत गेल्या. चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढल्या, पण त्या दिवशींइतकी स्वतःची चूक आम्हांस कधीं बोंचली नाहीं.

तानपुरा घेऊन मिरज गांठली. वाद्यकामाबद्दल त्या शहराचा लौकिक जुना आहे. शस्त्रांना धार लावणें हा ज्यांचा पिढीजाद धंदा त्या शिकलगार मंडळींनीं, शस्त्रांचा काळ ओसरल्यावर, गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत सतारी-तानपुरे करावयास घेतले. फरीदसाहेब शिकलगार यांचें नांव त्यांत अग्रभागीं घेतलें जातें. पुढें अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस येऊन राहिले आणि कारागिरांस जाणता कान लाभला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यावयाचे, ते वाळवून कापावयाचे, त्यांवर तबली आणि दांडी चढवावयाची, हा क्रम अद्याप चालूं आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें.

तेथील वृद्ध कारागिरांनीं भेगेवरून बोट फिरविलें आणि विचारलें, “मास्तर, तारा ताणलेल्याच ठेवल्या होत्या ना?” होत्या खऱ्या. मग त्यांनीं समजावून सांगितलें. तारांचा ओढा सदैव दांडीस पुढें वांकवीत असतो. त्यांत पेटी उताणी आपटली, कीं खुंट्यांकडील जड टोंक झोला खातें आणि सगळा हिसका गळ्यावर येतो. भोपळा सर्वांस नाजूक दिसतो म्हणून आपण त्यालाच जपतों. मोडतो तो गळा. पेंढा प्रथम फुगलेला असतो, प्रवासांत दबतो, आणि वाद्य पेटींत हिंडूं लागतें. शिवाय पेंढ्यांतून व कच्च्या लांकडांतून कीड परदेशीं जाते, म्हणून पेटीचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें तापवून त्यावर गव्हाच्या कणसाचा आंतरराष्ट्रीय शिक्का मारावा लागतो. प्लायवूडला ही अट नाहीं. भेगेबद्दल त्यांनीं धीर दिला: सरसानें जोडलेला सांधा उकलतो तसा पुन्हां जुळतोही.

परंतु दुसरी अडचण अधिक कठीण निघाली. आमच्या तानपुऱ्याची घोडी सांबरशिंगाची होती. १९६६ सालीं ती गोष्ट सर्वसाधारण. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें तसल्या वस्तूचा व्यापार वा निर्यात करतां येत नाहीं. घोडी बदलणें प्राप्त झालें. वाचकांस यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. पण तानपुऱ्याचा आवाज घोडीवर घडतो. तिची पाठ किंचित् उतरती घांसलेली असते, कंप पावणारी तार तिला चाटून जाते, आणि जवारीचा दोरा नेमक्या जागीं सरकविला म्हणजे एका तारेंतून अनेक स्वर उमलतात. ही जवारी बंधूंच्या कानानें बसविलेली होती. वहिनींस कसें सांगावें या विवंचनेंत आम्ही एक दिवस काढला. सांगितल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “दादांचा गळा गेलाच; आतां हा नवा गळा.” नवी घोडी आबनुसी लांकडाची बसली. जुनी आम्हीं येथील वनखात्याच्या कचेरींत नेऊन दिली. अभयारण्याच्या पायथ्याशीं राहून दुसरें कांहीं करणें आम्हांस शोभलें नसतें. खुंट्या शिसवीच्या होत्या. शिसवीवरही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, परंतु २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांस त्यांतून सूट मिळाली, म्हणून त्या तशाच राहिल्या.

दुसरी बांधणी मिरजेसच झाली व आम्हीं ती शेजारीं बसून पाहिली. तारा काढल्या नाहींत, चांगल्या ढिल्या केल्या. घोडीच्या जागेवर पेन्सिलीची बारीक खूण करून ती सोडविली व कापडांत निराळी बांधली. तबलीवर मऊ फडकें, त्यावर गवसणी. पेटीच्या आंत आकाराप्रमाणें कापलेला फोम असा बसविला कीं, भोपळा खळग्यांत, दांडी दोन ठिकाणीं टेकलेली, आणि खुंट्यांचें टोंक पेटीच्या भिंतीपासून चांगलें चार बोटें दूर. झांकण खिळ्यांनीं नव्हे, स्क्रूंनीं बसविलें. हातोड्याचा प्रत्येक घाव आंत पोंचतो. मग दोघांनीं पेटी उचलून हालविली आणि कान लावला. आंतून कांहींही ऐकूं आलें नाहीं तेव्हां म्हातारबुवा हंसले.

खर्चाचा विषय थोडक्यांत उरकतों, कारण तो सुखद नाहीं. तानपुरा वजनानें हलका, पण विमानवाले जागेचें वजन धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरांत गुणून बहुतेक कुरिअरवाले ५००० ने भागतात. आमची पेटी १५५, ५० व ४५ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ ७० किलो! विमा पूर्ण किंमतीचा उतरविला व बांधणीच्या प्रत्येक पायरीचें छायाचित्र ठेविलें. निर्यातीचा क्रमांक दुकानाकडे असल्यानें कागदपत्रें त्यांच्याच नांवें झालीं.

जातां जातां एक आठवण. १८७६ सालीं कलकत्त्याचे राजे सौरींद्रमोहन टागोर यांनीं बेल्जमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजास सुमारें शंभर भारतीय वाद्यें नजर केलीं. विमान नव्हतें, फोम नव्हता. तीं आगबोटीनें गेलीं आणि ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाच्या मूळ संग्रहांत सामील झालीं. आम्हांस एक वाद्य पोंचवितां नाकीं नऊ आले!

पेटींत आम्हीं एक मराठी चिठ्ठी ठेविली होती: पेटी आल्याबरोबर उघडूं नये, एक दिवस घरांत तशीच ठेवावी, तारा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवाव्या, हिवाळ्यांत घर तापविण्याच्या यंत्राजवळ वाद्य ठेवूं नये, कोरड्या हवेनें लांकूड फाटतें. त्या गृहस्थांनीं ती अक्षरशः पाळली. चौथ्या दिवशीं त्यांचा दूरध्वनि आला. वहिनींनीं तो कानाशीं धरिला. पलीकडे चार तारा छेडल्या जात होत्या. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “पंचम जरा उतरलाय. खुंटी किंचित् पिळा.” पलीकडून खुंटीचा आवाज आला आणि तारा पुन्हां वाजूं लागल्या. वहिनींनीं हातानेंच आम्हांस गप्प राहण्याची खूण केली.