दुखत नाही, मग तपासणी कशाला?



एरवी या पानावर मी बेणे आणि खतांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा, पण आपल्या घरातलाच आहे.

चतुर्थीला रेडीला गावी गेलो होतो. तिथे नुकतेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर झाले होते. धाकट्या भावाची बायको, वय ३२, दारापर्यंत जाऊन परत आली. मला ती काय सांगणार? आमच्या सौ.पाशी बोलली, "दुखणा नाय, खुपणा नाय, मगे कित्याक जावचा? लोकां म्हणतली, हिका कसलो रोग?" तपासणारा पुरुष असला तर, ही धास्ती होतीच. खरे कारण शेवटी निघाले. काही निघालेच तर पोरांचे काय?

म्हणजे शिबिर दाराशी, खर्च नाही. अडवले ते लाजेने आणि भीतीने. काणीचे बेट दिसेल म्हणून प्लॉट दाखवायचे टाळणारे सभासदही मी पाहिलेत.

हा रोग एका विषाणूच्या टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लोक चारित्र्याशी जोडतात. ते चूक आहे. बहुतेकांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुधा आपोआप जातो. टिकला तर कर्करोग व्हायला सहसा १५-२० वर्षे लागतात. तेवढी वर्षे काहीच दुखत नाही, आणि तपासणी करायची ती याच काळात. वयाच्या तिशीपासून करतात. सौम्य आम्ल लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. काम काही मिनिटांचे.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले.

याच भीतीचे दुसरे टोक आपल्या धंद्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कर्करोग होईल अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. साधी तपासणी नाही आणि एकदम ऑपरेशन!

दिवाळीनंतर सौ. भावजयीला घेऊन जाणार आहे. तपासायला बाईच असतील, हे आधी विचारून ठेवले आहे. सौ. स्वतःचीही तपासणी करून घेणार म्हणते. तिची चाळिशी उलटली, पण इतक्या वर्षांत मीही तिला कधी विचारले नव्हते.

— ऊस विकास अधिकारी